चार चाकं, चार लिंबं

"माझी परात कुठंय?"

कणीक मळायला बसले तर परात जाग्यावर नाही. पितळेची परात, माझ्या आईनं साताऱ्याहून दिलेली. सगळं घर धुंडाळलं आणि शेवटी शेडात गेले. परात तिथं होती, आणि परातीत डिझेलमध्ये बुडालेलं काहीतरी काळंकुट्ट. शेजारी आमचे हे मांडी घालून बसलेले, आणि ब्रशनं ते घासत होते. ब्रश दात घासायचा, आणि तोही माझाच.

"कार्बोरेटर हाय," हे म्हणाले. "हात लावू नगंस, उलगडून ठेवलाय."

"अहो, त्यात मी कणीक मळते!"

"मग आज भात कर की."

डोंबल भात! पण काय बोलणार? तोंडावर काळं फासलेलं आणि वर हसणं असं, की नव्या बाळाला न्हाऊ घालताहेत.

ह्यांचं नाव हंबीरराव. नाव ऐकून माणसाला वाटतं, फौजेत तोफा डागल्या असतील. फौजेत हे लंगरात होते. उभी नोकरी डाळ ढवळण्यात आणि परोठे लाटण्यात गेली. पण कडेगावच्या आसपास 'फौजी' म्हटलं की लोकांना सगळं खरं वाटतं. कुणाची पाण्याची मोटर बिघडली की ह्यांना बोलावणं यायचं, आणि कमाल म्हणजे हे जायचेसुद्धा! निम्म्या वेळा मोटर जळायची.

असा माणूस निवृत्त होऊन घरी आला आणि म्हणाला, दादांची गाडी चालू करायची.

दादा म्हणजे माझे सासरे, ज्ञानू ड्रायव्हर. पंचक्रोशीत सीटवर भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपा यायच्या आधी त्यांची एकच अॅम्बॅसिडर, कबुतरी रंगाची. गावातल्या किती नवऱ्या मुली त्या गाडीत बसून सासरी गेल्या आणि किती अडलेल्या बायका रात्री-अपरात्री सांगलीच्या दवाखान्यात पोचल्या, त्याला गणती नाही. मीही ह्या घरात त्याच गाडीतून उतरले.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दसऱ्याची गोष्ट. मामंजींनी गाडी धुतली, पूजा केली, चाकांना लिंबं लावली. आमच्याकडं रीत अशी, की पूजा झाली की गाडी लिंबांवरून काढायची. लिंबू फुटलं की पूजा पुरी. शेड अरुंद, समोर भिंत. मामंजी गाडी तोंडानं आत घालायचे आणि मागं काढायचे, म्हणून लिंबं चाकांच्या मागच्या अंगाला. सगळं मांडून ते आत बसले, किल्ली लावली आणि कपाळ स्टेअरिंगला टेकवलं. आम्हाला वाटलं, नमस्कार करताहेत. सासूबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या, मी त्यांच्या मागं. ताटातली वात विझली तरी मामंजींची मान वर झाली नाही.

हे तेव्हा सीमेवर होते. तार पोचून घरी येईपर्यंत तेरावा होऊन गेला होता. बापाचं तोंड दिसलं नाही. ह्यावर हे कधी बोलले नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.

त्यानंतर गाडी हलली नाही. सीटमध्ये उंदरांनी बाळंतपणं केली, डिकीत कोंबड्या अंडी घालायला लागल्या. पण दसऱ्याला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई बनुबाई, न चुकता गाडीची पूजा करायच्या. एकट्याच, आतून कडी घालून. मी तिकडं पुरणावर. बोनेटवर कुंकवाचा थरावर थर बसला होता. सगळं गाव म्हणायचं, म्हातारीची पूजा अर्धी राहिलीय, तिचा जीव त्या लिंबात अडकलाय.

ह्यांनाही तेच वाटायचं. "आईचं डोळं पार जायच्या आत तेवढं लिंबू फोडायचंय," हे मला म्हणाले. काचबिंदूनं आत्याबाईंना आता फक्त उजेड आणि सावली एवढंच कळत होतं.

हे त्यांना विचारायला गेले तेव्हा त्या शेंगा फोडत होत्या.

"कर," त्या म्हणाल्या. "पर गाडी जाग्यावरनं हलवायची न्हाई. दसऱ्याबगर न्हाई."

झालं! शेडाचा कारखाना झाला. कुपवाडच्या एका वर्कशॉपातला धुळा मिस्त्री ह्यांचा शाळेतला दोस्त. तो रविवारी मोटरसायकलवर यायचा, चहा ढोसायचा आणि ह्यांना शिव्या घालायचा. "आरं गड्या, ह्यो नट हाय, कांदा न्हवं! किती सोलशील?" हे ऐकून घ्यायचे आणि परत तेच करायचे. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकायचे. माझे चिमटे गेले, गाळणी गेली, चांगली दोन ताटं नटबोल्टांना गेली. मी रोज भांडायचे आणि रोज हरायचे.

पण एक सांगते. ज्या दिवशी शेडाच्या तुळईला साखळी बांधून ते इंजिन वर उचललं, त्या दिवशी मी तोंडात बोट घातलं. केवढं ते धूड! इतकी वर्षं गंजून, मुंग्यांनी घर करून, आणि धुळ्यानं आत बोट फिरवलं तर आत लखलखीत लोखंड. "बघा वहिनी," धुळा म्हणाला, "भाईरनं मेलंय, आतनं जित्तं हाय." मामंजींनी हाताळलेली वस्तू आत तशीच जागी होती आणि आम्ही तिच्यात अंडी शोधत होतो.

चाकं काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, तेव्हा मी खालची जागा झाडायला घेतली. भिंतीकडच्या अंगाला केरसुणीत खडे खडखडले. उचलून बघितलं तर वाळलेली लिंबं. चारी चाकांच्या जागी, पण सगळी पुढच्या अंगाला, भिंतीकडं. मागं एकही नाही.

गाडी निघणार मागं, मग लिंबं पुढं का? म्हातारीला दिसत नाही, चुकलं असेल. पण तळातली लिंबं पार जुनी होती, काळी, सुपारीसारखी टणक. तेव्हाच्या काळात आत्याबाई दिव्याच्या उजेडात सुईत दोरा ओवायच्या.

मी लिंबं पदरात घेऊन त्यांच्यासमोर गेले आणि एक त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं.

"आत्याबाई, हे चुकून पुढं ठेवलं का हो?"

"येडी हाय का मी?" त्या फाडकन म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "म्हागं ठिवलं आसतं तर कुणीतरी गाडी काढली आसती. पूजा पुरी झाली आसती. मग ह्यास्नी गाडीत कशाला बसून ऱ्हायाचं हुतं? तवापासनं तितंच बसल्यात बघ ते. दसऱ्याला मी जाऊन चार शब्द बोलून येती."

सगळं गाव म्हणत होतं तिला पूजा पुरी करायचीय, आणि ही माउली दर वर्षी जाणूनबुजून पूजा अर्धी ठेवत होती! आणि माझा वेडा नवरा तिच्यासाठी म्हणून दोन वर्षं हाडं झिजवत होता.

ह्यांना सांगावं तर ह्यांचं मन मोडेल. न सांगावं तर दसऱ्याला आत्याबाईंचं. मी गप्पच राहिले, आणि मला गप्प राहायची सवय नाही, त्यामुळं घरात भांडी जास्त आपटली.

नवरात्र बसायच्या आधीच्या रविवारी इंजिन चालू झालं. आधी खोकला, मग धूर, मग एकदम घुमायला लागलं. पत्रे थरथरले, कोंबड्या पळाल्या. धुळा लहान पोरासारखा नाचला. हे बोनेटवर दोन्ही हात ठेवून नुसते उभे होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी ह्यांना इतक्या वर्षांत रडताना बघितलं नव्हतं. मीही रडले, लपवत नाही. तो आवाज मी नवी नवरी असताना रोज पहाटे ऐकायचे. मागं वळले तर आत्याबाई ओट्यावर उभ्या, तोंडात पदर कोंबलेला. त्या आत गेल्या आणि दिवसभर जेवल्या नाहीत.

तेव्हा मात्र मी ह्यांना सगळं सांगितलं. हे शेडाच्या उंबऱ्यावर बसले. हातातला पाना बराच वेळ फडक्यानं पुसत राहिले.

"आई लिंबू फुडं ठिवंल, तर गाडी आत ऱ्हाईल," हे म्हणाले. "तिला काय बोलायचं न्हाई. तू बी न्हाई."

"आणि तुमची दोन वर्षं?"

"दादांजवळ बसून गेली की. आजून काय पायजे?"

ह्या माणसाशी मी उगाच भांडत आले, असं त्या दिवशी वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचे हार घातले. आत्याबाईंनी या खेपेला कडी घातली नाही. हे किल्ली घेऊन आत बसले. आत्याबाईंनी हातानं चाचपत बोनेटला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि माझ्या ताटातून लिंबू उचललं. पुढच्या चाकाशी त्या वाकल्या. हात टायरवरून भिंतीकडं गेला. भिंतीला तळवा लावून त्या तशाच थांबल्या. ओठ हलत होते, पण मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.

मग हात मागं आला. टायरच्या मागच्या अंगाला लिंबू बसवलं, दोन बोटांनी दाबून बघितलं. चारी चाकांना तसंच.

नंतर त्या ड्रायव्हरच्या खिडकीशी आल्या. आत हात घालून ह्यांचं कपाळ, हनुवटी चाचपली आणि हनुवटी वर उचलली.

"मान वर ठेव," त्या म्हणाल्या. "मान खाली घालायची न्हाई. आन् काढ आता म्हागं."

गाडी हलली. एक फुटलं, दुसरं फुटलं, मग उरलेली दोन्ही एकदम. शेडात लिंबाचा वास पसरला. गाडी हळूहळू उजेडात गेली आणि अंगणात जाऊन थांबली, कबुतरी रंग उन्हात नुसता चमकत होता. बाहेर धुळ्यानं आरोळी ठोकली.

आत्याबाई रिकाम्या शेडात उभ्या होत्या. गाडी होती त्या जागी त्यांनी एकदा हात फिरवून बघितला. हाताला काही लागलं नाही.

"लई वरीस बसवून ठिवलं गं मी त्यास्नी," त्या म्हणाल्या. "जाऊ देत आता."

त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं, आरतीच्या वातीला तळव्याचा आडोसा केला आणि चाचपत अंगणाकडं निघाल्या. वात जळत होती.