सुंदराबाईंची सही

घरात एक फाइल होती. ती कपाटावर, जुन्या मिक्सरच्या खोक्यात, दोन चादरींखाली ठेवलेली होती. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त एका माणसाला, आणि फाइल नेमकी त्याच माणसाची होती.

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात राहणाऱ्या सुंदराबाई खरातांच्या जठरात गाठ निघाली होती. कॅन्सरची. पण त्या शब्दाला घरात बंदी होती. मुलगा मिथुन ‘अल्सर’ म्हणायचा, शेजारीपाजारी ‘अल्सर’ म्हणायचे आणि स्वतः सुंदराबाई पोटावर हात दाबून ‘मेला अल्सर’ म्हणायच्या. तुमच्या-आमच्या किती घरांत हा खेळ चालतो, जरा आठवून बघा! आजार ज्याचा, त्यालाच तेवढं सांगायचं नाही. आणि वर या लपवाछपवीला नाव काय, तर माया.

हा निकाल राजाराममामांनी दिला होता. ते सुंदराबाईंचे धाकटे भाऊ. तपासणीचा रिपोर्ट आला त्याच दिवशी दहिसरहून आले, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “आक्काला काही कळू द्यायचं नाही. हाय खाईल ती. आपण आहोत ना बघायला!”

मिथुनला ते पटलं. मिथुन काही अडाणी नव्हता. मोठमोठ्या इमारतींमध्ये आगीच्या घंटा बसवण्याचं त्याचं काम. पण आईचं नाव आलं की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते, तशी त्याचीही गेली. बायको, शीतल, तेवढी म्हणाली, “आईंना सांगा. त्या तुमच्या-माझ्यापेक्षा घट्ट आहेत.” तिचं कोण ऐकतो!

घोळ झाला तो पुढेच. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि सुंदराबाईंनी साफ नकार दिला.

“अल्सरला कुणी पोट फाडतं का रे? आमच्या कॅन्टीनच्या मॅनेजरला अल्सर होता. थंड दूध पिऊन वीस वर्षं काढली त्याने. मी जालन्याला लग्नाला जाणार, बस्स.”

आणि त्या खरंच गेल्या. आठ दिवस राहून, हळद खेळून परत आल्या, पण ताटातली भाकरी अर्धी राहायला लागली होती आणि तारीख हातची गेली होती. मिथुन दात-ओठ खात बसला. खरं सांगावं तर मामा रागावणार, खोटं बोलावं तर आई ऐकणार नाही. स्वतःच विणलेल्या जाळ्यात स्वतःच अडकला होता बिचारा.

दुसरी तारीख मंगळवारची मिळाली. डॉक्टरांनी दोन कागद दिले होते, वाचून सही करून आणायला. एक ऑपरेशनच्या संमतीचा. दुसरा एका अभ्यासाचा. काढलेल्या गाठीचा छोटा तुकडा अभ्यासासाठी वापरू द्याल का, असं त्यात विचारलं होतं. प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम जठराच्या कॅन्सरच्या वाढीवर आणि रुग्णाच्या पुढच्या आयुष्यावर काय परिणाम करतं, हे त्यांना शोधायचं होतं. मिथुनने तो परिच्छेद वाचला आणि लगेच मोबाइल काढला. तासभर खाली-वर करून त्याने एवढंच उचललं की ज्यांच्या गाठीत हे एन्झाइम जास्त, ती माणसं लवकर जातात. त्या दिवसापासून तो आईकडे असा बघायला लागला, जणू ती गेलीच.

शनिवारी सकाळी त्याने पेन घेतलं आणि ऑपरेशनच्या कागदावर आईची सही स्वतःच ठोकली. दुसरा कागद कोराच ठेवला. आईला मंगळवारी ‘परत दुर्बीण घालायची आहे’ म्हणून न्यायचं, असं मामा-भाच्याचं ठरलं.

त्याच दुपारी दोघे घाटकोपरच्या रुग्णालयात गेले. तिथे डॉक्टर प्रांजल परब यांनी कागद हातात घेतला. वय पस्तिशीच्या आतलं, पण नजर करडी. त्यांनी जुना कागद काढून शेजारी ठेवला. दुर्बिणीच्या वेळी सुंदराबाईंनी त्यावर सही केली होती, एकेक अक्षर कोरल्यासारखं.

“ही सही मावशींची नाही.”

मामा पुढे सरसावले. “मॅडम, आम्ही घरचेच आहोत. तिला कॅन्सर म्हटलं तर ती जागेवर कोसळेल.”

“त्या कोसळतील की तुम्ही?” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही मला म्हणालात, मिथुन, की घरी नीट समजावतो. मी विश्वास ठेवला, ती माझीही चूक. तुम्ही सांगितलं असतं तर आज त्यांचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले असते! शुद्धीवर असलेल्या, धडधाकट डोक्याच्या बाईच्या पोटावर मी तुमच्या सहीने सुरी चालवू?”

“पण उपयोग काय, मॅडम?” मिथुनचा आवाज फुटला. “मी वाचलंय सगळं. तिच्यात ते एन्झाइम जास्त आहे. ती वाचत नाही.”

“कुणी सांगितलं जास्त आहे?”

“म्हणजे… त्या कागदात…”

“अहो, अजून तपासलंच नाही!” डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. “गाठ काढल्यावर तपासणार, तेही त्या हो म्हणाल्या तर. आणि जास्त निघालं तरी तो शेकडो रुग्णांचा सरासरी हिशोब आहे. त्यातली एक बाई किती जगेल, हे तो सांगत नाही. तुम्ही तर गाठ पोटात असतानाच आईचा निकाल लावून बसलात!”

तेवढ्यात दार उघडलं. दारात सुंदराबाई उभ्या होत्या, मागे शीतल. सकाळी पेनाची करामत शीतलने पाहिली होती. तिने मिक्सरचं खोकं खाली उतरवलं, फाइल सासूच्या मांडीवर ठेवली आणि ‘हे तुमचं आहे’ एवढंच म्हणाली.

सुंदराबाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. टेबलाजवळ आल्या, कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला.

“कुणी केली ही?”

मिथुनने मान खाली घातली.

“मिथुन, तू लोकांच्या बिल्डिंगीत आगीची घंटा लावतोस ना? मग आपल्या घराला आग लागली तर तारच कापून टाकलीस?” त्यांनी कागद टेबलावर आपटला. “डॉक्टर, ऐका. मालक गेल्यावर मी कॅन्टीनमध्ये लागले तेव्हा पगाराला अंगठा द्यायची. एक दिवस हा माझा भाऊ कागद घेऊन आला. रेशनचा आहे म्हणाला. दिला अंगठा. पाच वर्षांनी कळलं, आईबापाच्या जमिनीवरचा माझा हक्क मी सोडला होता!”

मामांनी चष्मा काढला आणि उगाच पुसायला लागले.

“तेव्हा बुद्धविहारातल्या वर्गात जाऊन बसले. पस्तिसाव्या वर्षी! शेजारी सहा-सहा वर्षांची पोरं. हसायची मला. तीन महिन्यांत सही शिकले. ती सही माझ्या नवऱ्याने दिली नाही, भावाने दिली नाही, पोराने दिली नाही. ती माझी आहे. जमीन गेली ती गेली. पण माझ्या पोटाचा कागद मी कुणाला परस्पर देणार नाही! आता सांगा, काय आहे मला?”

डॉक्टर खुर्चीतून उठल्या, त्यांनी सुंदराबाईंना बसवलं आणि त्यांच्या शेजारी बसल्या. “जठराचा कॅन्सर आहे, मावशी. इतर अवयवांत पसरलेला दिसत नाही. ऑपरेशन करायलाच हवं, नंतर औषधंही लागतील. बरं होण्याची संधी आहे, खात्री नाही.”

सुंदराबाईंचे डोळे भरले, तसे त्यांनी पदराने पुसले. त्या कोसळल्या नाहीत. मग त्यांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. “आणि हे काय?”

डॉक्टरांनी सोपं करून सांगायला सुरुवात केली. प्रथिनं म्हणजे काय, ती तोडणारं एन्झाइम म्हणजे काय. सुंदराबाईंनी अर्ध्यावर थांबवलं.

“म्हणजे कच्ची पपई!”

“काय?”

“अहो, जून मटण आलं की आम्ही कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवायचो. तासाभरात मऊसूत. तसंच ना?”

“अगदी तसंच!” डॉक्टर हसल्या. “असे एन्झाइम आपल्या सगळ्यांच्या शरीरात असतात, कामाचेच असतात. पण गाठ त्यातलं एखादं जास्त बनवते, आजूबाजूची भिंत मऊ करते आणि पसरायला वाट काढते, असं दिसतंय. फक्त पपई खाल्ल्याने कॅन्सर होतो असं कुणाला सांगू नका. तिचा काही दोष नाही.”

“दोष वेळ घालवणाऱ्याचा,” सुंदराबाई म्हणाल्या. “आमच्या कॅन्टीनचा खंडू एकदा पपई लावून मटण विसरला. सगळा लगदा! आणि तुम्ही मला पपई लावून जालन्याच्या लग्नाला पाठवलंत रे?”

त्या वाक्याने मिथुनचा बांध फुटला. तो आईच्या पायाशीच बसला. “आई, चुकलो. मी घाबरलो होतो गं. मला वाटलं, तुला सांगितलं तर तू मरशील.”

“न सांगता मेले असते, ते चाललं असतं?” त्यांनी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि हात तिथेच ठेवला. “पेन दे.”

मिथुनने सही केलेला कागद डॉक्टरांनी फाडून टाकला आणि नवा कागद दिला. शीतलने तो सावकाश वाचून दाखवला. सुंदराबाईंनी चार प्रश्न विचारले, मग दोन्ही कागदांवर सही केली. एकेक अक्षर कोरून. दुसऱ्या कागदावर ‘निकाल मला कळवावा’ असा एक चौकोन होता. त्यात त्यांनी ठसठशीत खूण केली. राजाराममामा उठून जवळ आले, “आक्का…” म्हणाले. “मंगळवारी रक्त लागलं तर दे,” सुंदराबाई म्हणाल्या, “तेवढं तरी माझं मला परत कर.”

ऑपरेशन झालं. अडीच महिन्यांनी, औषधांचे दोन डोस झाल्यावर, दुपारी डॉक्टरांचा फोन आला. नाव बघून मिथुनने फोन उचलला. पण त्याने ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही. फोन सरळ आईच्या हातात दिला.

“मावशी, तुमच्या गाठीत ते एन्झाइम जास्त निघालं.”

सुंदराबाईंच्या डोक्यावर तेव्हा केस विरळ झाले होते आणि हाताच्या शिरा दिसत होत्या. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, घोटभर पाणी प्यायल्या.

“बरं. त्याला म्हणावं, तू जास्त तर मीपण काही कमी नाही! तिसरा डोस कधी?”

बंधूंनो, भगिनींनो, सुंदराबाई किती वर्षं जगतील हे कुणालाच सांगता येणार नाही. पण त्यांच्या आयुष्यातला एकही दिवस आता त्यांच्या पाठीमागे ठरत नाही. आजारी माणसाला धीर द्या, हात द्या, वेळ द्या. पण त्याच्या आजाराची बातमी त्याच्यापासून चोरू नका. ज्याचं शरीर, त्याचा कागद आणि त्याचीच सही! माया आंधळी असली तर तीही माणसाचा वेळ खाते, आणि गाठ काही आपल्यासाठी थांबत नाही.

मिक्सरचं खोकं भंगारात गेलं. फाइल आता टीव्हीशेजारी असते, कुणाच्याही नजरेला पडेल अशी. परवा शेजारच्या बाईंनी दारातून हळूच विचारलं, “सुंदराबाई, अल्सर कसा आहे?”

“अल्सर नाही हो, कॅन्सर!” सुंदराबाई जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “या ना आत, सांगते सगळं.”