रिकाम्या खात्याचं भाडं

रुक्मिणी सकाळपासून आत-बाहेर करत होती, आणि तिच्यापायी मलाही चैन नव्हती. इथं परराज्यात, बमरोलीत, आमच्या दोघींच्या खोल्यांना भिंत एकच. चौथ्यांदा मोबाइल माझ्यापुढं धरून ती म्हणाली, "उषाबाई, अजून एकदा वाच ना व माय." मी वाचलं. मजुरीचे आठशे चाळीस जमा, त्यातले चारशे बहात्तर कापले.

तिचा सगळा जीव चष्म्यात होता. आम्ही साड्यांचे लोंबते धागे कापतो. काळ्या साडीवरचा काळा धागा तिला दिसेनासा झाला होता. मागच्या आठवड्यात धाग्याबरोबर साडीच कापली गेली. आता आणखी एक बिघडली तर येऊ नकोस, असं ठेकेदार हितेशनं बजावलं होतं. शेजारच्या उधन्यात सातशेचा चष्मा तयार होऊन पडलेला, आणि संध्याकाळपर्यंत बारा काळ्या साड्या द्यायच्या. मी पैसे दिले असते, पण माझ्याच डब्यात खडखडाट.

साड्यांचं गाठोडं काखोटीला मारून आम्ही बँकेत गेलो. काउंटरवर नीलम होती, उधन्यातच वाढलेली आपली मराठी पोर. तिनं नीट सांगितलं. खात्यात कायम दोन हजार हवेत, दोन महिने नव्हते, त्याचा दंड कापला.

ते दोन महिने रुक्मिणी शिरपूरकडं पेरणी-निंदणीला गेली होती. जाताना तिनं खातं पार रिकामं केलं. घराला कुलूप लावताना आपण हंडे-कळशा पालथ्या घालतो ना, तसं. मीच तिला शहाणी म्हटलं होतं, आणि आता मला माझाच राग येत होता.

"खातामा काहीच नव्हतं, मंग कापं काय?" तिनं विचारलं.

तेव्हा कापता आलं नाही म्हणून आता मजुरी येताच कापलं, असं नीलम म्हणाली.

"मनाकडे पैसा नव्हता, म्हणीसन मनाच पैसा लिधा?"

माझ्याकडं नव्हता म्हणून माझाच घेतला, हे ऐकून नीलमनं इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मावशी, काहीच ठेवावं लागत नाही असंही खातं असतं. अर्ज केला की हेच खातं तसं करून मिळतं."

हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. खातं उघडताना हितेशनं कागद आणले, आम्ही सह्या केल्या. नीलमनं तिथंच अर्ज भरून दिला, पण मॅनेजरनं तो न बघताच उद्या या म्हटलं. त्यांचा उद्या म्हणजे आमची एक दिवसाची मजुरी.

मला वाटलं, आता ही रडेल. पण तिनं वरच्या लखलखीत ट्यूबकडं पाहिलं, बाकावर बसली, गाठोडं सोडलं आणि काळी साडी मांडीवर पसरून कात्री काढली. एवढ्या उजेडात तिला धागा दिसत होता.

रखवालदार लगबगीनं आला. "मौसी, ये काम इधर नहीं चलेगा."

"चारशे बहात्तर भाडं भरेल शे मी," ती मान वर न करता म्हणाली.

चारशे बहात्तर भाडं भरलंय म्हणते, असं मी त्याला हिंदीत सांगितलं. रांगेतले लोक हसले, आणि हसता हसता आपापली पासबुकं उघडून बघू लागले. रखवालदार दाराशी परतला. सातवी साडी होत आली तोवर रांगेत कुजबुज वाढली, तेव्हा मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. रांगेचा रंग बघून त्यानं मुकाट अर्ज घेतला, सही केली, कापलेलं काही परत मिळणार नाही असं बजावलं आणि आता निघा म्हणाला.

रुक्मिणीनं अर्जाची पोच कमरेला खोचली. सात साड्या झाल्या होत्या. आठवी उलगडत तिनं विचारलं, "साहेब, बँक कितीला बंद होस?"