साडेसहा फेऱ्यांची तिवई

मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय, वर गोल बैठक आणि पोटात लाकडी मळसूत्र. बैठक डावीकडे फिरवली की मी उंच होते, उजवीकडे फिरवली की बुटकी. सध्या माझ्या डोक्यावर नेच्याची कुंडी आहे. तिला रोज पाणी मिळते आणि ती गळकी असल्यामुळे मलाही मिळते. मी मागितले नव्हते. मित्रांनो, ही कुंडी माझ्या डोक्यावर कशी आली ते सांगते. ऐकायला गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ओहायोतल्या एका सुताराने मला मेपलच्या लाकडातून घडवले. पियानो शिकवणाऱ्या आयडाबाईंनी मला विकत घेतले. चाळीस वर्षे गावातली मुले माझ्यावर बसून सूर चुकवत होती. मूल लहान असले तर बाई मला वर फिरवत, मोठे असले तर खाली. आधी प्रत्येकाची बैठक जमवायची, मग शिकवायचे, ही त्यांची रीत. बाई गेल्या. पुतण्याने पियानो विकला आणि जुन्या पडद्यांच्या खोक्यासोबत मला गावातल्या एका संस्थेच्या मागच्या दारात सोडले.

संस्थेचे काम असे. लोक नको झालेल्या वस्तू मागच्या दाराने देऊन जात. आतल्या खोलीत अपंग माणसे त्या निवडत, पुसत, दुरुस्त करत आणि त्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लावत. पुढच्या दुकानात त्या विकल्या जात. त्यातून या माणसांना काम शिकवायचे आणि बाहेर पक्की नोकरी मिळवून द्यायची, असा बेत. भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिले होते, 'इथे प्रत्येकासाठी जागा आहे'. अक्षरे छान होती.

व्हर्ना टॅकेट तिथे कपड्यांना चिठ्ठ्या टाचायची. वय एकेचाळीस. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे उजवा पाय आखूड आणि कंबर एका अंगाला कललेली. दोन वर्षांत बाहेर नोकरी लावून देऊ असे सांगून तिला आणले होते, आणि तिचे अकरावे वर्ष चालू होते. साध्या खुर्चीत तिचा पाय लोंबकळायचा, कंबर भरून यायची, दर दहा मिनिटांनी थांबावे लागायचे. मी ढिगात पडलेली तिला दिसले आणि तिने मला ओढून काढले.

माझे मळसूत्र अडकले होते. ते डेल्बर्टने सोडवले. डेल्बर्ट आतल्या खोलीत दुरुस्ती करणारा, तिशीतला दांडगा गडी. त्याला वाचता येत नसे, डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची, पण हातात हातोडी दिली की त्याच्यासारखा कारागीर नाही. त्याने माझ्या एका पायाला आडवी फळी ठोकली, व्हर्नाच्या आखूड पायासाठी. मग फिरवून फिरवून तिची उंची शोधली. साडेसहा फेरे. रोज सकाळी झाडणारा मला खाली फिरवून टेबलाखाली सरकवायचा आणि रोज सकाळी डेल्बर्ट मोठ्याने मोजत मला वर आणायचा.

"तुझं सिंहासन तयार आहे, महाराणी," तो म्हणायचा.

"साडेसहाच ना, प्रधानजी? काल सहावर ठेवलंस, दिवसभर बदकासारखी बसले होते."

माझ्यावर बसून ती तासाला एकशे साठ कपडे हातावेगळे करू लागली. पूर्वी शंभर व्हायचे. माझी तारीफ कोणी केली नाही, पण व्हर्ना जेवणाच्या सुट्टीत सँडविच खाताना एक हात माझ्या बैठकीच्या कडेवर ठेवायची. मला तेवढे पुरे होते.

मग हातमोज्यांच्या कारखान्यातून निरोप आला. चिठ्ठ्या लावायला एक माणूस हवा होता. पूर्ण पगार, इतरांइतकाच. शुक्रवारी सकाळी कारखान्याचे हॅलोरनसाहेब स्वतः येऊन तासभर काम पाहणार होते. तासाला दीडशे झाले की जागा व्हर्नाची.

गुरुवारी व्हर्ना पायाला बांधायचा आधाराचा पट्टा बदलून घ्यायला दवाखान्यात गेली होती. साहेब येणार म्हणून संस्थेच्या व्यवस्थापक केसलरबाईंनी खोली आवरायला काढली. डेल्बर्टला हुकूम सुटला की खोलीत बिनचिठ्ठीची एकही वस्तू दिसता कामा नये, सगळ्याला चिठ्ठी लावून पुढे दुकानात ने. डेल्बर्ट माझ्यापाशी येऊन थबकला. त्याने विचारले, "बाई, ही तिवईसुद्धा?"

बाईंनी हातातल्या यादीवरून मान वर केली नाही. "सगळं म्हणजे सगळं, डेल्बर्ट."

तो बिचारा शिकवले तसेच वागला. चिठ्ठीचा रंग दर आठवड्याला बदलायचा, त्याने मला त्या आठवड्याची गुलाबी चिठ्ठी लावली आणि दुकानात दाराजवळ नेऊन ठेवले. जाताना मला साडेसहा फेरे वर फिरवून गेला. त्याच्या मते त्याने सगळे नीट केले होते.

शुक्रवारी व्हर्ना आली, टेबलाखाली पाहिले आणि तडक दुकानात आली. मी दिसताच तिने चिठ्ठीकडे हात नेला आणि मागे घेतला. तिथे पहिल्या दिवशी दोन नियम शिकवतात. लागलेली चिठ्ठी आतल्या माणसाने काढली तर त्याचे काम गेले. आणि आतल्या माणसाला एखादी वस्तू विकत घ्यायची असेल, तर ती आधी पूर्ण एक दिवस दुकानात राहिली पाहिजे, म्हणजे चांगला माल आतल्या आत जिरत नाही. तिने केसलरबाईंना गाठून सगळे सांगितले. त्यांची नजर दारावर होती, कारण साहेबांची गाडी येऊन उभी राहिली होती.

"तुला एकटीला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील," त्या म्हणाल्या. "खुर्चीचं काय घेऊन बसलीस? चिठ्ठी लावली कोणी?"

डेल्बर्ट तिथेच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. त्याचीही पुढच्या आठवड्यात खोक्यांच्या कारखान्यात परीक्षा होती. व्हर्नाने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "ठाऊक नाही, बाई."

साहेबांना सगळे दिसावे म्हणून मधले दार उघडे ठेवले होते. म्हणून मीही सगळे पाहिले. तिला घडीची खुर्ची दिली होती, वर टेलिफोनच्या दोन जाडजूड डिरेक्टऱ्या. त्या घसरत होत्या. ती एका हाताने टेबल धरून दुसऱ्याने काम करत होती, आणि माझ्यावर बसून हेच काम ती गाणे गुणगुणत करायची. साहेब घड्याळ धरून उभे होते. पंधरा पावलांवर मी साडेसहा फेऱ्यांवर रिकामी उभी होते, आणि मला पाय तीन असून चालता येत नव्हते. माझा जळफळाट झाला, तो अजून शमलेला नाही.

एकशे सव्वीस झाले. केसलरबाई साहेबांना म्हणाल्या, "पोरगी गुणी आहे हो, पण अजून तयार नाही." एकेचाळीस वर्षांची पोरगी सगळे ऐकत होती.

आता पुढचे ऐका. जाता जाता साहेबांची नजर माझ्यावर पडली. बायकोच्या कुंडीसाठी अगदी हवी तशी आहे, म्हणाले, आणि संस्थेलाही तेवढाच हातभार. त्यांना काहीही माहीत नव्हते. माणूस वाईट नव्हता, हेच मला जास्त झोंबते. त्यांनी लगेच पैसे दिले आणि गाडीपर्यंत मला उचलून न्यायचे काम आले डेल्बर्टवर.

व्हर्ना आतल्या दारात उभी होती. डेल्बर्टने मला मागच्या सीटवर ठेवले, दार लावले, आणि खिडकीशी वाकून साहेबांना अगदी मनापासून सांगितले, "साहेब, साडेसहा फेरे. सहावर ठेवलं तर तिची कंबर दुखते."

साहेब हसले आणि त्याच्या हातावर एक नाणे ठेवले.

घरी त्यांनी मला तळापर्यंत खाली फिरवले. फळी विचित्र दिसत होती, म्हणून उचकटून काढली. खिळ्यांची दोन भोके राहिली आहेत, कुंडीतले पाणी ओघळून त्यांतच मुरते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर द्या, जरूर घ्या, वर चांगुलपणाही मिरवा. पण एखाद्या जुन्या वस्तूला भलत्याच जागी ठोकलेली फळी दिसली, तर उचकटण्याआधी एवढे विचारा की ती कोणाच्या पायासाठी ठोकली होती. मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी नावासकट सांगितले असते.