डावा हात खिशात

उत्तरेश्वरनं फळीवरचं पोतं ओढलं आणि मुनव्वरभाई एक पाऊल पुढे आले. पोत्याखाली त्यांचाच अँप्लिफायर होता. नारायण पेठेतल्या याच दुकानासाठी, उत्तरेश्वरच्या वडिलांसाठी, रंगरावांसाठी, त्यांनी तो १९७९ साली बांधला होता. ट्रान्सफॉर्मरची तारसुद्धा स्वतः गुंडाळलेली. रंगराव लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे आणि पेठेतली कितीतरी लग्नं या खोक्याच्या आवाजात लागली होती. आता रंगराव नव्हते, दुकान विकलं गेलं होतं आणि दाराशी भंगारवाल्या पोपटचा टेम्पो उभा होता.

"नाना, घेऊया ना!" नात मिसबा म्हणाली. खराडीत नोकरीला लागल्यापासून तिला जुन्या रेकॉर्डींचा नाद लागला होता. "मी विकत घेते, तुम्ही रिस्टोअर करा. व्हॉल्व्हचं, या काचेच्या नळ्यांचं काम करणारं दुसरं उरलंय कोण?"

"सांगा बिगीबिगी," पोपट दारातून म्हणाला. "टेम्पो नो-पार्किंगात हाय."

"सावकाश ठरवा," उत्तरेश्वर म्हणाला. "तोवर मी दुकान पुन्हा सुरू करतो."

मुनव्वरभाईंनी उजवा हात पँटच्या खिशात खोल खुपसला. दीड वर्षापासून तो हात थरथरत होता आणि घरात बायको नजमाशिवाय कुणालाच ते ठाऊक नव्हतं. लोकांना त्यांनी सांगितलं होतं, डोळे अधू झाले म्हणून काम सोडलं. डोळ्यांचं सांगता येतं हो! थरथरत्या हाताच्या माणसाला मेकॅनिक कोण म्हणणार?

डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, तर तारांना सोल्डरचा डाग द्यायला अजून जमायचं. पण व्हॉल्व्हचं मशीन चालू ठेवूनच तपासावं लागतं. आत चारशे व्होल्ट खेळत असतात. तेव्हा उजव्या हातानं काम करायचं आणि डावा खिशात ठेवायचा, हा त्यांच्या उस्तादांचा कायदा. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. सहा वर्षांची मिसबा त्यांच्या टेबलाशी येऊन बसायची, तेव्हा त्यांनी तिच्याकडूनही तो घोकून घेतला होता. आता त्यांचा एक हात दुसऱ्यावाचून चालत नव्हता आणि कायद्याला दोन हात चालत नव्हते.

"बघा, हात अजून खिशातच!" उत्तरेश्वर कौतुकानं म्हणाला. "हाडाचा मेकॅनिक."

मुनव्वरभाईंनी डाव्या हातानं झाकण उचललं. आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: मुनव्वर, १९७९. अक्षर किती सरळ होतं! घेतला, तर तो घरी टेबलावर उघडा पडणार आणि दर रविवारी मिसबाला नवी सबब सांगावी लागणार. नाही घेतला, तर संध्याकाळच्या आत याचं तांबं सोलून निघणार. खरं काय ते सांगून टाकलं असतं तर मोकळे झाले असते, पण जीभ काही केल्या वळेना.

"ट्रान्सफॉर्मर जळालाय," ते म्हणाले. "घेऊ नको."

मिसबानं वाकून वास घेतला. "जळका वास नाही येत, नाना."

"जुना झाला की उडतो वास."

हे साफ खोटं होतं. जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास वर्षानुवर्षं जात नाही, हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या कामालाही कधी नावं ठेवली नव्हती आणि आज स्वतःच्या कामाला ठेवली.

"मग काय, उचला," उत्तरेश्वर म्हणाला. पोपटनं एक बाजू धरली, त्यानं दुसरी.

मिसबा अँप्लिफायरकडे बघत नव्हती. ती आजोबांकडे बघत होती.

"नाना, मशीन चालू असताना खिशात कुठला हात ठेवायचा?"

"डावा," ते सवयीनं बोलून गेले. मग त्यांची नजर खाली गेली. मिसबाचीही तिथंच होती.

तिनं आपला तळवा त्यांच्या उजव्या खिशावर ठेवला. कापडाखाली बोटं थरथरत होती, ती तिच्या हातालाही लागली असणार. मुनव्वरभाईंना लाज वाटली आणि बरंही वाटलं. पण आता उशीर झाला होता.

"मुनव्वरभाई, वाटेतून सरका जरा," अँप्लिफायर पेलत उत्तरेश्वर म्हणाला.

थांबा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण थांबवून या हातानं करायचं काय? ते सरकले.