मुक्या झालेल्या काळ्या पट्ट्या

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. भाता जरा दमेकरी झालाय, पण गाते अजून. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझा एकेक पितळी सूर कानाशी धरून घासला होता. गेली तीस वर्षे मी बाईंच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली आहे. बाई मुलांना गाणे शिकवतात. 'पेटी बोलते हो तुमची!' असे कुणी म्हटले की मला कोण आनंद व्हायचा!

बाईंचा मुलगा शिलाई मशीन दुरुस्त करतो. यंत्र म्हटले की तेल, एवढेच त्याला ठाऊक. एका दुपारी आई बाहेर गेलेली पाहून त्याने मोठ्या प्रेमाने मला उघडले आणि काळ्या पट्ट्यांखाली तेल सोडले. पांढऱ्यांना हात लावणार, तोच बाई आल्या.

"अरे, पेटीला तेल?"

पण व्हायचे ते होऊन गेले होते. तेल सुरांवर उतरले, त्यावर धूळ बसली आणि चार दिवसांत माझ्या साऱ्या काळ्या पट्ट्या मुक्या झाल्या. त्यांना पुन्हा बोलते करणारा माझा कारागीर केव्हाच गेला होता.

मुलगा जेवेना. "आई, भैरवीचे चारही कोमल स्वर काळ्यांवर. आता शिकवणार कशी तू? ही भंगारातच जाणार."

मी भीतीने गारठले.

"पांढऱ्या शाबूत आहेत ना? बस, भाता हलव," बाई म्हणाल्या.

पांढरी एकपासून, म्हणजे आमच्या रोजच्या सापासून, बाई ओळीने वर गेल्या. नेहमीचे शुद्ध स्वर, आंघोळ करून आलेल्या पोरासारखे प्रसन्न. मग त्याच पट्ट्या पांढरी दोनपासून. काफी रागिणी! जराशी लाडिक, जराशी रुसलेली. मग पांढरी तीनला सा मानून निघाल्या, आणि मुलाचा भात्यावरचा हात थबकला.

"ही तर भैरवी! एकही काळी न लावता?"

"घर तेच रे, दार बदललं. मला थोडं चढं पडेल, पण पोरांचे गळे कोवळे आहेत."

त्याचे डोळे भरले. खरे सांगते, माझेही भरले असते.

मित्रांनो, आम्हा पेट्यांना तेल देऊ नका. आणि कुणाचे चार सूर गेले म्हणून त्याला लगेच भंगारात काढू नका. उरलेले आधी वाजवून बघा.

आता बाईंचा हात दुखतो, म्हणून रोज संध्याकाळी मुलगाच भाता हलवतो. तेलाची कुपी मात्र उंबऱ्याबाहेर ठेवून येतो.