निऑनच्या घरातलं लोखंड

आमच्या मुख्याध्यापकांना रिकामी जागा बघवत नाही. रिकामी भिंत दिसली की सुविचार, रिकामा तास दिसला की स्वतःचं भाषण. डोक्यातल्या रिकाम्या जागेचं मात्र त्यांनी आजवर काही केलेलं नाही.

तपासणी जवळ आली तशी प्रयोगशाळेच्या भिंतीवर आवर्तसारणी रंगवायची टूम त्यांनीच काढली. पेंटरला मी छापील तक्ता दिला. सातवीच्या मुलांना तर मी आधीच समजावलं होतं, की ही मूलद्रव्यांची इमारत आहे. आडवी रांग म्हणजे मजला, उभा रकाना म्हणजे एक घर, आणि एका घरातल्यांचे स्वभाव सारखे. म्हणून वरच्या मजल्यांवर मधली जागा मोकळी सोडायची, नाहीतर माणसं भलत्याच घरात शिरतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. जिला वर्गात ‘प्रश्नपेटी’ म्हणतात, त्या मुलीने तेवढं विचारलं, “बाई, मग लोखंडाच्या घरात सगळेच गंजतात का?” तिला मी त्या दिवशी गंजलेला खिळा दाखवला होता.

अर्धं काम झाल्यावर मुख्याध्यापकसाहेब बघायला आले.

“मधे एवढं भगदाड कशाला? रंग संपला की काय?”

“तक्त्यातच तसं आहे, साहेब,” पेंटर म्हणाला.

“सरकव सगळं डावीकडे. उजवीकडे जागा होईल, तिथे माझा फोटो लावू.”

पेंटरने सरकवलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा, त्याचा काय दोष? निऑन, त्याच्याखाली अरगॉन, आणि त्यांच्या पायाशी थेट लोखंड. ज्यांना जगात कुणाचंच काही देणंघेणं नाही असे दोन वायू, आणि त्यांच्या घरात ओल लागली की गंजणारा हा नवा भाऊ! उजवीकडे, भिंतीतल्या एका जुन्या खिळ्यावर, हार घातलेले साहेब.

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. “सर, तक्ता चुकलाय.”

“बाई, तुम्ही सहा वर्षं हंगामी आहात ना? कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे.” त्यांनी एक वही पुढे सरकवली. “तक्ता तपासला म्हणून इथे सही करा. आणि मुलांकडून पाठ करून घ्या.”

मी सही केली. इतका वेळ मी ज्याला नावं ठेवतेय, त्याच्याच पेनाने.

पुढचा आठवडाभर वर्ग कोकलत होता: निऑन, अरगॉन, लोखंड! प्रश्नपेटी तोंड मिटून माझ्याकडे बघायची. मी फळा पुसत राहायचे.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचं अर्धं लक्ष चहाकडे होतं. “छान रंगवलंय हं! निऑनच्या घरात कोण कोण?” त्यांनी विचारलं. वर्गाने एका सुरात सांगितलं. साहेब फुलले. तेवढ्यात प्रश्नपेटीचा हात वर गेला.

“सर, लोखंड त्या घरातलं नाही. ते गंजतं. तो खिळा बघा ना!”

तिने फोटोकडे बोट दाखवलं. ओल्या भिंतीतल्या त्या खिळ्यापासून तांबूस ओघळ निघून साहेबांच्या फ्रेमवर उतरला होता. एकजण फिसकन हसला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अधिकारीही माझ्याकडे वळले. “बाई, काय म्हणते ही?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मीच तिला शिकवलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त.

“लहान आहे हो,” मी म्हटलं. “तिचा गोंधळ झालाय.”

अधिकारी हसले, चहा आला. ती खाली बसली.

चार दिवसांनी मी कायम झाले. साहेबांनी पेढ्याचा डबा मागवला आणि पहिला पेढा स्वतःच खाल्ला. मी पण खाल्ला. गोड लागला, हे सांगायला लाज वाटते.

त्या आठवड्यात मी छोटी चाचणी घेतली. त्यात एक सोपा प्रश्न होता: ओल्या हवेत लोखंडाचं काय होतं? प्रश्नपेटीने सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘काहीच होत नाही. ते निऑनच्या घरातलं आहे.’

मी तिला टेबलापाशी बोलावलं. “अगं, तुला तर हे येत होतं.”

“नाही बाई,” ती म्हणाली. “माझा गोंधळ झाला होता.”