दुमडलेली रांगती

मास्तरांना सुटलेला दोरा बघवत नसे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर. उभी हयात मशीनवर गेल्यामुळे गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं होतं. एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या बाहीतून धागा लोंबत होता. मास्तरांनी बराच वेळ कळ काढली, मग खिशातली छोटी कात्री काढून तो कापून टाकला. तो गृहस्थ ओरडायला लागला तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "फुकट केलंय, ओरडता कशाला?"

पुढे डोळ्यांनी दगा दिला आणि मशीन सुटली. घरी मुलगा, सून आणि रिकामे हात. सून सकाळी एका लॅबमध्ये कामाला जायची आणि संध्याकाळी मागच्या अंगणात बसून कपडे धुवायची. मास्तर दिवसभर या खोलीतून त्या खोलीत जायचे आणि पडद्यांच्या शिलाया तपासायचे.

घराच्या मागे मातीचा एक उभा उतार होता. पाऊस आला की तिथली माती वाहून थेट मागच्या दारात यायची. मास्तरांची मोठी बहीण, अक्का, एकदा राहायला आली ती ओल्या गोणपाटात वेलीच्या काड्या बांधूनच. बारीक गोल पानं, मधूनच एखादं जांभळं फूल. "ही इथल्याच मातीतली," अक्का म्हणाली, "आमच्या मागच्या टेकडीवर कुणी न लावता उगवते. जमिनीवर सरपटत जाते, म्हणून मी तिला रांगती म्हणते. माती अशी धरून ठेवते, की बघच." मग काड्या उताराच्या वरच्या अंगाला लावता लावता ती काय काय सांगत बसली. अक्का बोलायला लागली की मास्तर अर्धंच ऐकत, ही त्यांची लहानपणापासूनची खोड. तण काढायचं आणि सुरुवातीला पाणी घालायचं, एवढं मात्र त्यांच्या डोक्यात बसलं.

तेवढं त्यांनी जीव ओतून केलं. सकाळी उठले की उतारावर. वाकून वाकून तण उपटायचे, झारीने पाणी घालायचे. रांगतीने जीव धरला, उताराचा वरचा भाग हिरवा झाला. मास्तर येईल जाईल त्याला हात धरून मागे नेऊन दाखवायचे. दूध टाकणाऱ्या माणसालाही त्यांनी सोडलं नाही.

मग वेलीला शेंडे फुटले. एक खाली गेला, दुसरा उताराच्या कडेच्या पायरीवर आला, तिसरा भलतीकडेच. मास्तरांचा जीव कासावीस झाला. असला वेडावाकडा काठ त्यांनी जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाच्या हाती दिला नव्हता. त्यांनी एकेक शेंडा उचलला, आतल्या बाजूला दुमडला आणि तारेच्या आकड्याने टोचून बसवला. पँटची मोहरी दुमडावी तसा. काठ कसा सरळ रेषेत आला! पुढे रोजच सकाळी जे बाहेर येईल ते आत दुमडायचं, असा त्यांनी नेमच धरला.

काही आठवड्यांनी रांगती आतून काळी पडू लागली. पानं चिकट झाली, कुजका वास यायला लागला. खालचा उतार तर उघडा तो उघडाच राहिला.

नेमके त्याच सुमारास व्याही आणि विहीणबाई लेकीला भेटायला आले. मागच्या अंगणात चहा चालला होता. व्याह्यांनी सहज विचारलं, "काय हो मास्तर, तुमची वेल काळवंडली वाटतं?"

मास्तरांना ते झोंबलं. खरं कारण त्यांना ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही असं कबूल करायलाही जीभ वळेना. समोर सूनबाईची कपड्यांची बादली दिसली आणि तोंडातून निघून गेलं, "तुमच्या मुलीला विचारा. साबणाचं पाणी तिकडे भिरकावते. कुठे काय ओतावं, एवढं तरी आईबापांनी शिकवून पाठवायचं!"

"बाबा, मी मोरीतच ओतते," सूनबाई म्हणाली.

"मग काय मी ओततो?"

विहीणबाई कपातल्या चहाकडे बघत राहिल्या. व्याह्यांनी, त्या साध्या माणसाने, चक्क हात जोडले. "चुकलं असेल तिचं. मी समजावतो तिला," म्हणाले. आणि जाताना लेकीला बाजूला घेऊन त्यांनी खरंच समजावलं.

दुसऱ्या दिवसापासून सूनबाईने मागची मोरी वापरणं सोडलं. भरलेली बादली उचलून ती घराला वळसा घालायची, चिंचोळ्या बोळातून पुढच्या गटाराशी जाऊन ओतायची आणि परत यायची. बादली गुडघ्याला आपटायची. मास्तर खिडकीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, बरी अद्दल घडली.

मग अक्का पुन्हा आली. उतारापाशी गेली, वाकली, दुमडलेला काठ उचलून खाली बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अरे, हिची तुरपाई केलीस की काय?"

"म्हणजे?"

"अरे बाबा, ही पेरापेराला मातीत मूळ सोडते. तू तिला उचलून तिच्याच अंगावर घातलीस. वरचीला माती मिळेना, खालचीला वारा मिळेना. कुजेल नाही तर काय होईल? तुला सांगून गेले होते मी, हिला मोकळं पसरू दे म्हणून."

मास्तर मटकन पायरीवर बसले. त्यांचं तोंड बघून अक्काचं हसू विरलं. काय झालं ते तिने खोदून खोदून विचारून घेतलं. व्याह्यांनी हात जोडल्याचं ऐकल्यावर तिने कपाळावर हात मारला.

"सूनबाईला तू सांगू नकोस," मास्तर कसेबसे म्हणाले.

"मी कशाला सांगू? घाण तू केलीस, तूच निस्तर."

अक्का गेली. मास्तरांनी आकडे उपटले, कुजलेलं कापून टाकलं, जिवंत शेंडे मोकळ्या मातीवर पसरले आणि एकेका पेरावर चिमूटभर माती दाबली. हे सगळं त्यांना जमलं. जमलं नाही ते दोन वाक्यं बोलणं. आज चहाच्या वेळी सांगू, असं ठरवायचे. चहा यायचा, सूनबाई "साखर बरोबर आहे ना, बाबा?" विचारायची आणि मास्तर "बरोबर आहे" म्हणून मोकळे व्हायचे. बोळात बादली आपटल्याचा आवाज आला की ते रेडिओ मोठा करायचे. स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून तोंड आणखी मिटायचं.

रांगती जगली. उताराच्या मध्यापर्यंत उतरली, पुढच्या पावसात माती दारात आलीच नाही. जेवताना मुलगा बायकोला म्हणाला, "बघितलंस? पाणी टाकायचं थांबवलंस आणि वेल कशी उठली! बाबा उगाच बोलत नाहीत."

मास्तरांच्या हातातला घास हातातच राहिला. आता बोलायला हवं होतं. त्यांनी मीठ मागितलं.

त्यांना उमगलं, की वेल जितकी फोफावणार तितकी सूनबाई खोटी ठरणार. त्या रविवारी ते उतारावर तण काढत होते, पण हात चालत नव्हते. तेवढ्यात सूनबाई धुण्याची बादली घेऊन बाहेर आली. बोळाकडे वळता वळता थांबली, बादली खाली ठेवली.

"छान झाली वेल," ती म्हणाली. "बाबा, तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. पण माझंच चुकलं होतं. माफ करा मला."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग जे इतके दिवस दडवलं होतं ते भडाभडा बाहेर आलं, आकड्यांसकट, अक्काच्या हसण्यासकट, कळल्यानंतरही गप्प बसल्याच्या दिवसांसकट.

सूनबाई ऐकत राहिली. आता ही रडेल किंवा ओरडेल, असं मास्तरांना वाटलं. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. ती हळूच म्हणाली, "मी एकदाही ओतलं नव्हतं हो. पण तुम्ही इतक्या खात्रीने बोललात, आमचे पप्पाही तेच म्हणाले, मग वेलही जगली. शेवटी मलाच वाटायला लागलं, ओतलं असेल आपण कधीतरी."

मास्तरांना मान वर करवेना. "पप्पांना फोन लाव," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर बोललो होतो, त्यांनाच सांगायला हवं."

राहू द्या, असं ती म्हणेल अशी त्यांना थोडी आशा होती. ती तसं म्हणाली नाही. तिने ओले हात पुसले, फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्या हातात दिला.

"नमस्कार व्याही, मी मास्तर बोलतोय."

पलीकडून घाईघाईने आवाज आला. "नमस्कार, नमस्कार! काय झालं हो? पुन्हा काही चुकलं का पोरीचं?"

सूनबाईने चटकन तोंड फिरवलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो," ते शेवटी म्हणाले. "तिचं तेव्हाही चुकलं नव्हतं."

"म्हणजे? मग कुणाचं?" व्याह्यांनी विचारलं.

मास्तर सांगू लागले. सूनबाई पाठमोरीच उभी होती, पण तिथून हलली नाही. तिला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं होतं.